चंद्र, वरवंटा आणि सराफा : मुलांच्या विज्ञानप्रश्नांची उत्तरं घरीच कशी शोधावीत

"मावशी, चंद्र कशाचा बनलाय?" असं चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, तेव्हा मी आतून वरवंटा आणून तिच्या मांडीवर ठेवला. तिला वाटलं, मी थट्टा करतेय. पण चंद्रावर आपल्याला जो ससा दिसतो, तो ज्या काळ्या डागांचा, ते डाग म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याची मैदानं आहेत आणि तिथला खडक बेसॉल्ट आहे. आमचा वरवंटाही बेसॉल्टचाच. चंद्रावरचा बहुतेक बेसॉल्ट तीनशे कोटी वर्षांहून जुना, आपल्या माळव्याचा साधारण ६.६ कोटी वर्षांचा. वयात भलतं अंतर, जात एकच.

इंदुरात मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आता रविवारी सकाळी पोहे आटोपले की शेजारपाजारची मुलं आमच्या ओट्यावर जमतात. अवकाश, खडक आणि धातू हे विषय पाचवीपासून दहावीपर्यंत फिरून फिरून येतात आणि आई-बापांची तारांबळ याच तिघांत जास्त उडते. उत्तर मोबाइलवर मिळतं हो, पण पोरांचा दुसरा प्रश्न असतो, "पण हे कळलं कसं?" त्या दुसऱ्या प्रश्नासाठी हे सगळं लिहिते आहे.

पायरी १ : प्रश्न कुठल्या फळीवरचा, ते आधी ठरवा

उत्तर द्यायची घाई करू नका. वहीत प्रश्न लिहून घ्या आणि तो तीनपैकी कुठल्या फळीवर बसतो, हे मुलालाच ठरवू द्या. पहिली फळी बघून कळणाऱ्या प्रश्नांची: चुंबक पितळेला चिकटतो का, चंद्र रोज त्याच वेळी उगवतो का. दुसरी मोजून किंवा हिशेब करून कळणाऱ्यांची: हा दगड पाण्याच्या किती पट जड, पृथ्वी केवढी. तिसरी फळी दुसऱ्याच्या मोजणीवर विसंबायची: सूर्य किती तापलेला आहे, पृथ्वीच्या पोटात काय आहे. तिसऱ्या फळीवरच्या उत्तरासोबत "हे कोणी आणि कशानं मोजलं" ही एक ओळ लिहायचीच, असा आमच्या ओट्यावरचा नियम आहे.

आपल्याकडच्या मराठी मुलांची आणखी एक अडचण असते. शाळा हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची आणि आजी बोलणार मराठी. हिंदी पुस्तकातली 'अवसादी शैल' म्हणजे आपला गाळाचा किंवा स्तरित खडक, 'आग्नेय' म्हणजे अग्निज आणि 'कायांतरित' म्हणजे रूपांतरित. धातूंत तर खरी गंमत. हिंदीतला 'रांगा' हे आपलं कथील आणि 'जस्ता' हे जस्त. 'सीसा' म्हणजे शिसं, पण 'शीशा' म्हणजे काच. आजी 'जर्मनचं पातेलं' म्हणते ते ॲल्युमिनियमचं; जर्मन सिल्व्हर ही वेगळीच मिश्रधातू आहे, तांबं, निकेल आणि जस्ताची, आणि तिच्यात चांदी औषधालाही नसते. वहीच्या शेवटच्या पानावर या शब्दांचा तिहेरी तक्ता करून ठेवा. निम्मे घोळ तिथेच मिटतात.

पायरी २ : सामान

जुन्या स्पीकरमधला चुंबक, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, लोखंडी खिळा, दोरा, व्हिनेगर किंवा लिंबू, फरशीच्या दुकानात मिळणारा टाइलचा फुटका तुकडा (त्याची मागची खरखरीत बाजू कामाची), एक मीटरची सरळ काठी आणि ओळंबा. एवढं पुरे. विकतचे 'सायन्स किट' मला आवडत नाहीत. त्यात उत्तरं आधीच ठरलेली असतात.

दोन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही: फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा आणि संडास साफ करायचं ॲसिड. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हेही पहिल्याच दिवशी बजावून सांगा.

पायरी ३ : खडक

खडक शिकायला डोंगरावर जावं लागत नाही. आपली बहुतेक घरं म्हणजे दगडांची प्रदर्शनंच असतात. पाटा-वरवंटा आणि जातं काळ्या बेसॉल्टचं, म्हणजे अग्निज. अंगणात किंवा जिन्यात कोटा फरशी, तो चुनखडक, म्हणजे स्तरित. देवघरात संगमरवर, चुनखडकच जमिनीत खोल दाब आणि उष्णता सोसून तसा झाला, म्हणून रूपांतरित. तिन्ही प्रकार एका छपराखाली. स्वयंपाकाच्या ओट्यावरचा ग्रॅनाइट हा चौथा दगड, तोही अग्निजच, पण तिथे सावध राहा: बाजारात काळा ग्रॅनाइट म्हणून विकला जाणारा दगड पुष्कळदा खरा ग्रॅनाइट नसून गॅब्रो किंवा डोलेराइट, म्हणजे बेसॉल्टच्याच कुळातला काळा खडक असतो. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये पांढरे, गुलाबी, करडे कण साध्या डोळ्यांनी वेगवेगळे दिसतात. वितळलेला खडक जमिनीखाली सावकाश थंड झाला तर स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो. वर येऊन भराभर थंड झाला तर कण बारीक राहतात. वरवंट्यात कण दिसत नाहीत, ते म्हणून.

आता चाचण्या. कोपऱ्यातला किंवा फुटका तुकडा घ्या आणि खिळ्यानं ओरखडा. रेघ उमटली की मुलं ओरडतात, "कापला!" थांबा, रेघेवरून बोट फिरवा. पुसली गेली तर खिळा झिजला, दगड नव्हे. राहिली तर दगड कापला गेला. कोटा आणि संगमरवर कापले जातात, ग्रॅनाइटवर नुसती खिळ्याची करडी रेघ उमटते. कठीणपणाच्या दहाच्या मापावर कॅल्साइट (कोटा-संगमरवरातलं खनिज) ३, खिळ्याचं लोखंड ५ च्या आसपास आणि क्वार्ट्झ (ग्रॅनाइटमधलं खनिज) ७.

मग आंबटाची चाचणी. कोट्याच्या तुकड्यावर थोडी पूड खरवडून तिच्यावर व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाका आणि कान जवळ न्या. बारीक फसफस ऐकू येते, बुडबुडे दिसतात. तो कार्बन डायऑक्साइड. बेसॉल्टवर काही होत नाही. हे मी पहिल्यांदा मुलांना दाखवलं तेव्हा तुकडा न शोधता सरळ बैठकीच्या फरशीवरच थेंब टाकले. चार पांढुरके, निस्तेज डाग पडले, ते आजही आहेत आणि त्यांच्यावर पायपुसणं आहे. तुम्ही तुकडाच घ्या.

तिसरी चाचणी माझी सर्वांत आवडती, कारण ती आपल्या भाषेत आधीपासून बसलेली आहे. कितीही सांगितलं तरी ज्याच्यावर परिणाम होत नाही, त्याला आपण 'नर्मदेतला गोटा' म्हणतो: जन्मभर पाण्यात राहून आत कोरडाच. खरंच कोरडा असतो का, ते बघा. ओंकारेश्वर-महेश्वरहून आणलेला एखादा गोटा बहुतेक घरांत असतोच. तो आणि विटेचा एक तुकडा उन्हात दोन दिवस वाळवा, वजन करा, रात्रभर पाण्यात ठेवा, वरचं पाणी फडक्यानं टिपून पुन्हा वजन करा. वीट आपल्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी सहज पिते. गोट्याचा आकडा काट्यावर हलतच नाही, निदान आमच्याकडे हलला नाही. कारणही मुलांना स्वतःच सापडतं: नदी गोट्यांना एकमेकांवर आपटत नेते, त्यात ठिसूळ आणि सच्छिद्र दगड वाटेतच भुगा होतात, घट्ट तेवढे उरतात. म्हणून नदीतले गोटे जमवताना आपण न कळत निवडून काढलेला माल जमवत असतो.

चौथी चाचणी घनतेची. काट्यावर अर्धं भरलेलं पाण्याचं पातेलं ठेवा आणि काटा शून्य करा. दगडाचं कोरडं वजन आधी लिहून ठेवलेलं असू दे. आता दगड दोऱ्यानं धरून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. काटा जो आकडा दाखवेल, तितके ग्रॅम पाणी दगडानं सारलं, म्हणजे तितके घन सेंटिमीटर त्याचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा, झाली घनता. २९० ग्रॅमच्या दगडाला काट्यानं १०० दाखवले तर घनता २.९, आणि घट्ट बेसॉल्ट साधारण तेवढाच भरतो. ग्रॅनाइट २.६-२.७ च्या आसपास. आकडा फार कमी आला तर दगडाला भोकं आहेत का बघा. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकतात; टाचा घासायची जुनी वजरी हातात घेतली की ते कळतं.

हा हिशेब जमला की मोठा प्रश्न विचारा. वरचा खडक २.९, पण सगळ्या पृथ्वीची सरासरी घनता ५.५. मग पोटात काय असेल? वरच्यापेक्षा कितीतरी जड काहीतरी. मुलं "लोखंड!" म्हणेपर्यंत मी गप्प बसते. पृथ्वीचा गाभा मुख्यतः लोखंड आणि निकेलचा आहे, हे भूकंपाच्या लाटांवरून ताडलेलं आहे. म्हणजे तिसरी फळी, पण तिच्यावर चढायची शिडी स्वयंपाकघरातल्या काट्याची.

पावसाळ्यानंतर पाताळपाणीच्या धबधब्याला किंवा चंबळ जिथून निघते त्या जानापावला गेलात, तर कड्याकडे लांबून बघा. पायऱ्यांसारखे थर दिसतात. लाव्हा एकदाच आला नाही, तो पुन्हा पुन्हा पसरला. दख्खनच्या या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द पायऱ्यांसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. हा खडक आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. तो झिजून झाली आपली काळी माती, 'पग पग रोटी, डग डग नीर' वाली. ही माती पाणी धरून ठेवते आणि वैशाखात भेगाळते. वाळूच्या ढिगाऱ्यात चुंबक फिरवायला मुलांना सांगा, पण चुंबकाला आधी प्लॅस्टिकची पिशवी घाला, नाहीतर चिकटलेले काळे कण जन्मात निघायचे नाहीत. ते बहुतेक मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे. 'उल्का सापडली' म्हणून एक मुलगा ते काडेपेटीत घालून घेऊन आला होता. नव्हती. पण काडेपेटी ठेवून घेतली आहे.

पायरी ४ : धातू

सराफ्यात रात्री आपण भुट्ट्याचा कीस खायला जातो. मुलांना एकदा दिवसा न्या. ओळखीच्या सराफाला कसोटी दाखवायची विनंती करा. काळा, बारीक कणांचा दगड. त्यावर दागिना घासून सोन्याची रेघ काढतात, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढतात, रंग ताडून बघतात आणि मग रेघांवर ॲसिड लावतात. तांबं आणि चांदी नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळतात, सोनं टिकतं. रेघ जितकी फिकी पडेल, तितकी भेसळ जास्त. 'कसोटीला उतरणं' हे इथूनच. इंदूरकराला कसोटी म्हटलं की होळकर संघाचे आणि १९३२ मध्ये भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे कर्णधार सी. के. नायडू आठवतात, पण तो सामनाही याच दगडाचं नाव लावतो.

घरी येऊन टाइलच्या खरखरीत बाजूवर तांब्याची तार, खिळा, गेरू आणि कोळसा घासून बघा. सराफ आणि भूशास्त्रज्ञ एकच युक्ती वापरतात: वस्तूच्या वरच्या रंगावर न जाता तिच्या पुडीचा रंग बघायचा. गेरू तांबडी रेघ देतो, कारण त्यात लोहाचा ऑक्साइड आहे. मंगळ तांबडा का, याचं उत्तरही तिथेच टाइलवर पडलेलं आहे.

२२ कॅरेट म्हणजे २४ पैकी २२ भाग, म्हणजे ९१.६ टक्के. हॉलमार्कवरचा ९१६ तो हा. मग मुलं हमखास आईची अंगठी पाण्यात बुडवून घनता काढू म्हणतात. सोन्याची घनता १९.३ असली, तरी १० ग्रॅमची अंगठी अर्ध्या ग्रॅमच्या थोडंच वर पाणी सारते. एक ग्रॅमपर्यंतच मोजणारा घरचा काटा तिथे शून्य दाखवेल नाहीतर एक, आणि उत्तर हास्यास्पद येईल. पितळी तांब्या-भांडं घ्या, नीट जमतं: ८.४ ते ८.७ च्या दरम्यान. भांड्यात हवा अडकू देऊ नका.

चुंबक घेऊन घरभर फिरा. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम आणि काशाची वाटी यांना तो चिकटत नाही. लोखंडी तव्याला चिकटतो. स्टीलच्या डब्यांत मात्र काहींना चिकटतो, काहींना नाही, आणि इथे मुलं अडतात. स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडासोबत निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्यात पुरेसं निकेल घातलं की आतली रचना बदलते आणि चुंबक पकडेनासा होतो. इंडक्शनच्या भांड्याचं बूड मुद्दाम चुंबक पकडणारं करतात. एक-दोन रुपयांची हल्लीची नाणी चुंबकाला चिकटतात, हेही बघा.

कल्हई आता दिसत नाही, म्हणून ती सांगायची. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की ते कळकतं. आंबटात तांबं विरघळून उतरतं. म्हणून आतून कथलाचा थर देत. भात्यावर भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकून पृष्ठभाग स्वच्छ करायचा, धूर निघायचा, मग कथलाची कांडी टेकवायची. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे पितळेला धक्का न लागता ते चिंधीनं सगळीकडे फिरवता येतं. वितळणबिंदू आणि मिश्रधातूचा धडा एका भांड्यात. आजीला विचारलं तर वास आणि आवाजासकट सांगेल.

गंजाचा प्रयोग सगळ्यांना पाठ आहे: एक खिळा कोरड्या बाटलीत (बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकून), एक उकळून गार केलेल्या पाण्यात वर तेलाचा थर देऊन, एक साध्या पाण्यात अर्धा बुडवून. आठवड्यानं तिसराच गंजतो. आणि नाहीच गंजला, तर खिळ्यावर जस्ताचा मुलामा आहे. हार्डवेअरच्या दुकानात 'साधा, काळा खिळा' असं स्पष्ट मागा. ज्यांना सहल हवी, त्यांनी धारला लाट मशिदीजवळ पडलेले लोहस्तंभाचे तुकडे बघावेत. शतकानुशतकं उघड्यावर असूनही ते खिळ्यासारखे खाऊन गेलेले नाहीत. दिल्लीच्या स्तंभाच्या बाबतीत याचं श्रेय लोखंडातल्या फॉस्फरसमुळे बनणाऱ्या पातळ संरक्षक थराला देतात.

पायरी ५ : ज्योतीतून सूर्यापर्यंत

वरणाचं पाणी उतू जातं तेव्हा गॅसची निळी ज्योत भककन पिवळी होते. ते मुद्दाम करून दाखवा: मोठ्या माणसानं स्टीलचा चमचा मिठाच्या पाण्यात बुडवून ज्योतीच्या कडेला धरायचा. पिवळा रंग सोडियमचा, आणि सोडियम हा धातू आहे. मिठात धातू असतो, हे ऐकून सहावीतली मुलं पहिल्यांदा विश्वासच ठेवत नाहीत. फटाक्यांतला हिरवा बेरियमचा, तांबडा स्ट्रॉन्शियमचा.

तापलं की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक रंगांचा प्रकाश देतं. ही एक गोष्ट पटली की "सूर्यावर कोणी गेलं नाही, मग तो कशाचा आहे हे कसं कळलं?" हा प्रश्न सुटतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जानसेन यांनी आपल्या गुंटूरहून सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला. त्या ग्रहणाच्या प्रकाशात दिसलेली एक पिवळी रेघ सोडियमच्या जागेवर बसेना. तो निघाला हीलियम. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ उजाडलं. आणि २०२३ मध्ये चंद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरनं हीच युक्ती चंद्रावर केली: लेझरनं मातीत ठिणगी पाडली, ठिणगीचा प्रकाश वाचला आणि गंधक, ॲल्युमिनियम, लोह, टायटॅनियम ओळखले. आपल्या 'कॅट'मध्ये, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, लेझरवर काम चालतं, हे इथल्या मुलांना सांगितलं की लेझर हा शब्द एकदम गावातला होतो.

पायरी ६ : चंद्र

दहापैकी आठ मुलं सांगतात की चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात. चूक आहे, ते ग्रहण झालं. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावा, मुलाच्या हातात पेन्सिलीला खोचलेला चेंडू द्या, हात लांब करून त्याला जागच्या जागी गोल फिरायला सांगा. चेंडूचा अर्धा भाग सतत उजळलेला असतो. आपल्याला त्यातला किती दिसतो एवढंच बदलतं. चेंडू डोक्याच्या थोडा वर धरा, नाहीतर पौर्णिमेला स्वतःचीच सावली पडेल.

पुढचं काम संकष्टीचं. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि मग रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा. चतुर्थीला नऊ-साडेनऊ का वाजतात, तो हिशेब मुलांना करू द्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुंबईची वेळ असेल, तर इंदुरात चंद्र त्याआधी दिसतो: आपण तीन रेखांश पूर्वेला, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे बारा. अक्षांशाच्या फरकानं त्यात काही मिनिटं इकडे-तिकडे. उपाशी आजीला ही बारा मिनिटं फार पटतात.

अंतरं समजवायला खरबूज आणा. एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख किलोमीटर धरलं, तर सूर्य १४ सेंटिमीटरचं खरबूज. पृथ्वी १५ मीटरवर मोहरीचा बारीक दाणा, चंद्र तिच्यापासून चार सेंटिमीटरवर रव्याचा कण. गुरू ७८ मीटरवर भिजवलेला काबुली चणा, नेपच्यून ४५० मीटरवर मिरीचा दाणा. म्हणजे राजवाड्यासमोर खरबूज ठेवलं, तर नेपच्यून पाच-सहा मिनिटांच्या पायी वाटेवर. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा? चार हजार किलोमीटरवर. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. म्हणजे देशात मावतच नाही. पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र यानंतर मुलांना हसू आणतं.

अंतराळवीर तरंगतात, कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, हे उत्तर लिहून एका मुलाला पूर्ण गुण मिळाले होते. उत्तर चुकीचं आहे. अंतराळ स्थानक ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे नव्वद टक्के असतं. स्थानक आणि माणसं एकत्र पडत असतात, पण आडवा वेग इतका की पडता पडता पृथ्वीला वळसाच बसतो, सुमारे दीड तासात एक. बाटलीला खाली भोक पाडा, पाणी भरा, धार सुरू झाली की बाटली गच्चीवरून खाली अंगणात सोडा. पडताना धार थांबते. खाली कोणी नाही ना, ते आधी बघा. परीक्षेत मात्र 'मुक्त पतन' हा शब्द लिहायलाच सांगा; तपासणारा शब्द शोधतो.

पायरी ७ : काठी, सावली आणि ग्वाल्हेरचा मामा

इंदूर साधारण २२.७ अंशांवर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणून जूनच्या ६-७ तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या ५-६ च्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत ढग असतात, तेव्हा जूनच धरा, सुट्टीही असते. वेळ बाराची नाही, साधारण १२ वाजून २५ मिनिटांची, कारण भारताचं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला. बडोद्याला हा दिवस तीन-चार दिवस आधी येतो, उज्जैनला जवळजवळ आठवड्यानं नंतर. ग्वाल्हेर २६.२ वर, कर्कवृत्ताच्या उत्तरेला, तिथे येतच नाही. आणि हेच आपल्या उपयोगाचं आहे, कारण इंदूरच्या प्रत्येक मराठी घराचं कोणी ना कोणी ग्वाल्हेरला असतंच.

त्या दिवशी ग्वाल्हेरच्या मामाला एक मीटरची काठी सपाट गच्चीवर उभी करायला सांगा. त्यांची खरी दुपार आपल्या नऊ मिनिटं आधी होते. सव्वाबाराच्या आधी दहा मिनिटांपासून नंतर दहा मिनिटांपर्यंत दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. सगळ्यात आखूड सावली घ्यायची. ती सुमारे ६.१ सेंटिमीटर यायला हवी. इंदूर ते ग्वाल्हेरचं निव्वळ उत्तर-दक्षिण अंतर नकाशाच्या मापावर ३९० किलोमीटर भरतं. रस्त्याचं अंतर घ्यायचं नाही आणि सरळ तिरपंही नाही. त्रिकोणमिती नको, नुसतं प्रमाण पुरतं: काठीला सावली जशी, तसं पृथ्वीच्या त्रिज्येला हे अंतर. ३९० गुणिले १०० भागिले ६.१, म्हणजे ६,३९३ किलोमीटर. खरी सरासरी त्रिज्या ६,३७१. इराटोस्थेनिसनं इजिप्तमध्ये बावीसशे वर्षांपूर्वी हेच केलं, फक्त त्याच्याकडे मामा आणि व्हिडिओ कॉल नव्हता.

चुका कुठे होतात, ते आधी सांगून ठेवते. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे मीटरभर उंचीच्या काठीच्या सावलीचं टोक जवळजवळ सेंटिमीटरभर धूसर असतं. त्या धूसर पट्ट्याचा मध्य धरायचा आणि दोन्ही गावांत एकाच रीतीनं धरायचा. गच्चीला पाणी वाहण्यासाठी उतार दिलेला असतो, म्हणून खाली फळी ठेवून तिच्यावर पाण्यानं भरलेली ताटली बघून ती समपातळीत आणा. काठी ओळंब्यानं तपासा, अंदाजानं नाही. आभाळ आलं तर दुसऱ्या कुठल्याही स्वच्छ दिवशी दोन्हीकडची सावली मोजा. तेव्हा मात्र दोन्ही कोन काढून वजाबाकी करावी लागते, ते नववी-दहावीच्या मुलांवर सोपवा.

हा प्रयोग ज्यांच्या मनात भरेल, त्यांना उज्जैनच्या वेधशाळेत न्या. ती सवाई जयसिंहानं अठराव्या शतकात बांधली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करवला. तिथलं सूर्यघड्याळ म्हणजे आपल्याच काठीचं चुन्या-दगडातलं मोठं भावंड.

आमच्या पहिल्या खेपेला ग्वाल्हेरहून सावलीचा आकडा ५.८ आला आणि पृथ्वीची त्रिज्या ६,७२४ किलोमीटर निघाली. पुस्तकातला आकडा लिहू का, असं सातवीतल्या मुलानं विचारलं. वहीत ६,७२४ च आहे, आणि खाली त्याच्याच अक्षरात: मामाची काठी ओळंब्यात नव्हती.